सकाळी सहाची लाट

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि तोही नेमका ओहोटीच्या वेळी. नुसता चिखल, आणि लांबवर एक चमकणारी रेघ. असं असूनही दोन वर्षं मी रोज पहाटे साडेपाचला उठून, गारखेड्यातल्या आमच्या घरी बसून, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावाला आज लाटा कशा येणार ते कळवत होते. पत्त्यावर आम्ही तेव्हा औरंगाबाद लिहायचो, आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. हे काम माझ्या गळ्यात पडलं ते धाकट्या भावामुळं.

भाऊ वाळूजच्या एका कंपनीत कायम नोकरीला होता. बजाजनगरात खोली, दुचाकी, डबा, सगळं रीतसर. मित्रांबरोबर चार दिवस समुद्रावर म्हणून गेला आणि तिथं कुणीतरी त्याला फळीवर उभं केलं. लाटेवर म्हणे तो तीन सेकंद उभा राहिला. त्या तीन सेकंदांपायी सहा महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला आणि त्याच गावी जाऊन सर्फिंग शिकवायला लागला. तिथल्याच एका मच्छीमाराच्या मुलीनं शाळा काढली होती, तिच्याबरोबर भागीदारीत.

आमचे अण्णा म्हणजे धरणावरचे निवृत्त कारकून. सकाळी सहाची पाणीपातळी फूट-इंचात नोंदवायची आणि वर कळवायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. एकही दिवस चुकला नाही, एकही इंच चुकला नाही, असं ते सांगायचे आणि ते खरंही होतं. भावाचा राजीनामा कळला तेव्हा ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"इथं प्यायला पाणी नाय, आन् ह्यो पाण्यावर खेळायला चाललाय," ते मला म्हणाले. भाऊ समोरच बसला होता.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं बंद. आमची माणसं मूळची लासूर स्टेशनकडची, आणि अबोला धरला की शेताच्या बांधासारखा जपतात. इकडून तिकडं वीतभर सरकू देत नाहीत. आई असती तर तिनं दोघांना चार शब्द सुनावले असते. ती नव्हती, म्हणून मधे मी. "अण्णांना सांग, बरा आहे." "त्याला सांग, तब्येत सांभाळ म्हणावं." तो घरी आला की एकाच खोलीत, एरवी फोनवरून, हे असलं टपालखातं मी चालवत होते आणि मला दोघांचाही वैताग यायचा.

त्या गावात तेव्हा फोन जेमतेम लागायचा, इंटरनेटचं नावच नको. भाऊ मला म्हणाला, "ताई, तुझ्याकडं कॉम्प्युटर आहे. रोज सकाळी एक पान उघडायचं आणि मला चार आकडे पाठवायचे, बास." मी शाळेत गणित शिकवते. आकडे म्हटल्यावर मी हो म्हणाले.

त्यानं मला फोनवरच शिकवलं. पहिला आकडा लाटेच्या उंचीचा. दुसरा, एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते त्याचा. सहा-सात सेकंद असतील तर लाट जवळपासच्या वाऱ्यानं उठलेली, विस्कटलेली, बिनकामाची. चौदा-पंधरा असतील तर ती हजारो मैलांवरून आलेली, आणि तिच्यात जोर. मग वारा. सकाळी तो जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून असला की लाटेचं अंग गुळगुळीत राहतं. दुपारी समुद्रावरून सुटला की सगळा कालवा. मग भरती-ओहोटीच्या वेळा. पानावर सहा, नऊ, बारा आणि तीन असे चार रकाने असायचे आणि मी चारही पाठवायचे. भाऊ ते सर्फिंगच्या शाळेच्या झोपडीसमोर, काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचा. सर्वांत कामाचा होता नऊचा रकाना. लांबून येणारी लाट सकाळी दिसत नाही. समुद्र झोपल्यासारखा असतो आणि दोन-तीन तासांत उठून बसतो. तसा दिवस असला की भाऊ आठनंतर नवशिक्यांना पाण्यात पायही घालू द्यायचा नाही.

एका दिवाळीत मी जाऊन पाहून आले. मला वाटलं होतं, मौजमजा असेल. कसली मौज! अंधार असताना उठायचं, फळ्यांवर मेण घासायचं म्हणजे पाय सटकत नाहीत, नाकाला पांढरा लेप फासायचा, आणि सूर्य वर यायच्या आत पाण्यात. फळीवर पोटावर झोपून हातानं पाणी ओढत लाटांच्या पलीकडं जायचं आणि तिथं वाट बघत बसायचं. मोठ्या लाटा चार-पाचच्या गटानं येतात, मग बराच वेळ काही नाही. माझा भाऊ, ज्याला बँकेच्या रांगेत पाच मिनिटं दम निघायचा नाही, तो तिथं अर्धा-अर्धा तास पाण्यात पाय सोडून गुपचूप बसलेला असायचा. दहा वाजता बाहेर यायचा, भात-मासे खायचा आणि मेल्यासारखा झोपायचा. कातडी उन्हानं सोललेली, कानात वाळू, केस दोरखंडासारखे. मीही एकदा फळीवर चढले आणि उभी राहायच्या आत तोंडावर आपटले. पण एक सांगते, तो लाटेवरून येताना मी पाहिला आणि मला त्याचा हेवा वाटला. नोकरी, शाळा, टँकर, रांगा, सगळं बाजूला ठेवून सांगते, हेवाच वाटला.

घरी आल्यावर मी हे अण्णांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पान उलटलं, एवढंच.

पण माझं लक्ष होतं. रोज साडेपाचला मी पान उघडलं की अण्णा पेपर घेऊन त्याच खोलीत येऊन बसायचे. पेपर यायला सहा वाजायचे, म्हणजे हातात असायचा तो कालचाच. मी मुद्दाम आकडे मोठ्यानं वाचायला लागले.

त्या वर्षी शहराला पाणी पुरवणारा नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला. शहर मात्र चहूबाजूंनी वाढतच होतं. बायपासपलीकडं ज्वारीची रानं होती तिथं सहा-सहा मजली इमारती, आणि प्रत्येकीच्या दारात कोरडी पडलेली बोअर. आमच्या गल्लीत टँकरवाला आला की बायका आधी त्याचा पाइप धरायच्या आणि मग बोलायच्या. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. आला की हातातलं सोडून पळायचं; पोळी तव्यावर करपली तरी चालेल.

एप्रिलमधल्या एका सकाळी तसंच झालं. मी पान नुकतंच उघडलं होतं, तेवढ्यात शेजारीण ओरडली, "नळ आला हो!" आठ दिवसांनी आला होता आणि दाबही नव्हता. मी पाइप घेऊन गच्चीकडं पळाले. जिन्यावरून ओरडले, "अण्णा, समोर आकडे आहेत, माझ्या फोनवरून तेवढे त्याला पाठवून द्या!"

टाकी, चार ड्रम, हंडे, बादल्या, अगदी कुकरही भरला. खाली आले तेव्हा शाळेची वेळ टळत आली होती. "पाठवलं का?" अण्णांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे निवृत्तीनंतर मी पाहिलं नव्हतं. मी साडी बदलून निघाले.

बाराच्या सुमारास शाळेत फोन आला. भावाची भागीदार होती, हिंदीत बोलत होती. नऊच्या सुमारास समुद्र एकदम उठला, सहा-सहा फुटांच्या लाटा. चार नवशिके पाण्यात होते. त्यातल्या पुण्याच्या एका बाईला ओढ आत घेऊन गेली. भावानं तिला गाठून बाहेर काढलं, पण येताना फळी उलटून त्याच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडलं. बाईच्या छातीत पाणी गेलं होतं. ती दवाखान्यात होती, शुद्धीवर होती.

स्टाफरूममध्येच मी सकाळचा मेसेज उघडून पाहिला. "सकाळी ६ वा. लाट १ फूट ६ इंच. वारा पूर्व." बास. नऊ नाही, बारा नाही, सेकंद नाहीत. अण्णांनी धरणाची पातळी कळवतात तशी समुद्राची कळवली होती. तीस वर्षं त्यांनी सहाची एकच नोंद पाठवली. धरणाचं पाणी तीन तासांत दीड फुटाचं सहा फूट होत नाही. त्यांच्या दृष्टीनं नोंद पूर्ण होती आणि बिनचूक होती. सहाला समुद्र खरंच दीड फुटाचा होता.

भावाची काळजी होतीच, पण त्याच्याइतकीच भीती वाटली ती ही, की अण्णांना कळलं तर? दोन वर्षांनी हा माणूस एक पाऊल पुढं आला होता. आता तो पुन्हा कधीच येणार नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. अण्णा समोरच होते; अपघाताचं मी त्यांना सांगितलं होतं, कारण नाही. मी म्हणाले, "माझ्याकडून राहिलं रे नऊचं. पाण्याच्या घाईत होते."

"असू दे ताई," तो म्हणाला. "ती बाई बरी आहे."

फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, "नऊचं म्हंजे?"

"काही नाही. झोपा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर अण्णा कॉम्प्युटरसमोर चष्मा लावून बसलेले. बोटानं एकेक रकाना मोजत होते. सहा, नऊ, बारा, तीन. माझ्याकडं वळलेही नाहीत. तीन दिवस त्यांनी धड खाल्लं नाही. चौथ्या दिवशी म्हणाले, "रजा मिळंल का तुला? जाऊन यिऊ."

बस, मग रेल्वे, मग पुन्हा बस; सगळा प्रवास ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. गावात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. भाऊ झोपडीच्या सावलीत बसला होता, हात गळ्यात बांधलेला. आम्हाला पाहून उठायला लागला तर अण्णांनी हातानंच बस म्हणून खुणावलं आणि स्वतः त्याच्या शेजारी वाळूत बसले. मग घड्याळ काढून लाटा मोजायला लागले. मी म्हटलं, आता हे असेच मोजत बसणार आणि आपण उद्याच्या गाडीनं परत.

पण अण्णा बोलले. समुद्राकडंच बघत बोलले.

"त्यो आकडा तुझ्या ताईनं नाय पाठवला. मी पाठवला. फुडचे रकाने पाह्यलेच नाय. माझी चूक हाय."

"माहितीये मला," भाऊ म्हणाला. "इंच तुमच्याशिवाय कोण लिहितं?"

अण्णांनी घड्याळ खाली ठेवलं. "वळखलं हुतंस? मग नऊचं का नाय इचारलं?"

भाऊ बोटानं वाळू उकरत राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षांनी तुम्ही काहीतरी पाठवलं होतं, अण्णा. त्याला उलट कसं विचारू? म्हटलं, विचारलं तर पुन्हा नाही पाठवणार."

अण्णांचा हात त्याच्या पाठीवर गेला. वाचणाऱ्याला वाटेल, इथं मी रडले असेन. मला संताप आला. दोन वर्षं मी या दोघांचे निरोप वाहिले. आणि यांच्या मानपानापायी, एकानं न विचारता पाठवलं आणि दुसऱ्यानं न विचारता मानलं म्हणून, पुण्याच्या एका परक्या बाईचा जीव जाणार होता. मी तिथंच उभी राहून दोघांना हेच सुनावलं, वाळूत जाणारे-येणारे थांबून बघायला लागले इतक्या मोठ्यानं. म्हटलं, यापुढं मी एक आकडा पाठवणार नाही. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बोला. दोघंही माना खाली घालून ऐकत होते, आणि माना अगदी एकसारख्या खाली गेल्या होत्या.

मी शब्द पाळला. परत आल्यावर साडेपाचचा गजर बंद करून टाकला. तरी जाग यायचीच. पहिल्या सकाळी बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. फोन लागला होता. सहाचा आकडा सांगितला, नऊचा, बाराचा, तीनचा. उंची, सेकंद, वारा, इंचांसकट. 

मग अण्णा म्हणाले, "आता इचार."