कपाळाकडं जाणारा हात

मी खोटं बोलत नव्हते, एवढं आधी सांगते. विश्रामबागेत नर्सिंगला असताना ड्रेसिंगच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी मला नापास केलं. म्हणाल्या, “निर्जंतुक हातमोजे घालून कपाळाला हात लावतेस?” मी तिथल्या तिथं भांडले. कपाळाला हात? मी? छे! आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा होती. त्यातही नापास झाले असते तर वर्ष वाया, आणि स्थळं घेऊन काका टपलेलेच होते.

“हातच्या काकणाला आरसा कशाला? कर मोबाईलवर शूटिंग,” मी रूममेटला म्हटलं. रबरी हातावर ड्रेसिंग केलं, व्हिडिओ लावला आणि बघते तर काय! मोजे घातले, चिमटा उचलला आणि मूठ सरळ कपाळाला! पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ‘न्हाई लावायचा, न्हाई लावायचा’ असं घोकत केलं, तरी मेला हात गेलाच. रूममेट हसून लोळायची बाकी होती. मला मात्र जेवण जाईना, एका जागी बसवेना. जिना चढता-उतरता तोच व्हिडिओ बघायचा आणि स्वतःच्याच हाताला शिव्या घालायच्या.

हे कुठून आलं ते मला बघताक्षणी कळलं होतं. आमच्याकडं मेंढरं. लोकर कातरायला बसले की माझे आजोबा, म्हणजे आबा, कातर आधी कपाळाला लावायचे. आम्हीही तसंच शिकलो. पाया न पडता कातर उचलली की पाठीत धपाटा बसायचा.

शेवटी फोन करून मी आबांवरच भडकले. “आवं, तुमच्या त्या सवयीपायी माजं वरीस वाया चाललंय!”

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “हात कवा धुतीस?”

“मोजे घालायच्या आदी.”

“मग त्याच्याबी आदी पाया पडून घे की. कवाबी पडलं तरी चालतंय.”

एवढं साधं! मला माझाच राग आला.

परीक्षेला बेसिनपाशी उभी राहिले, हात कपाळाला लावला, मग साबण लावून दोन्ही हात खसाखसा धुतले. मोजे घातले, चिमटा उचलला. मॅडमची नजर माझ्या मुठीवरून हलत नव्हती. मूठ जखमेवरच राहिली.

गुण लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “बेसिनपाशी कुणाच्या पाया पडत होतीस गं?”

“कातरीच्या,” मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही, पण पास केलं.