सेलिनाचा गळ

मरोळ गावठाणात कुणाची बादली विहिरीत पडली की सेलिनाला हाक यायची. तिच्याकडे चार आकड्यांचा लोखंडी गळ होता, सासऱ्यांच्या वेळचा. दोराला बांधून ती तो खाली सोडायची, मान तिरकी करून हाताला काय लागतंय ते जोखायची आणि बादली वर काढायची. पाणी सात हातांवर आहे हे तिला न बघता कळायचं.

घरोघरी नळ आले, बादल्या पडायच्या थांबल्या. गळ मात्र रोज खाली जाऊ लागला. आता त्याला थर्माकोल लागायचं, बुडबुड्यांचं प्लास्टिक, चपलांची भिजलेली खोकी.

जानेवारीत सेलिनाच्या मुलीचं, ऑलिव्हचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी. बायका बँड लावून विहिरीवर जातात, नवरीची आई पहिली कळशी ओढते आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. सेलिनाचा नवरा, गेलेला बॅप्टिस्ट, याच पाण्याने न्हाऊन नवरदेव झाला होता. मुलीलाही हेच पाणी मिळावं म्हणून ती दिवाळीपासून विहीर उपसत होती.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नंदाला तिने जिन्यातच गाठलं.

"रोज एक खोकं येतं तुमच्याकडे. विहीर काय कचराकुंडी वाटली?"

"आंटी, मी गाडीतच टाकते ओ."

"मग खोक्यांना काय पाय फुटतात?"

नंदा आत निघून गेली. त्यानंतर तिने सेलिनाकडे बघणं सोडलं.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना गळाला एक फुगलेली काळी पिशवी अडकली. फाडली तर आत पार्सलांची कव्हरं, एकात एक कोंबलेली. त्यांवरच्या चिठ्ठ्यांवर नाव एकच होतं. ऑलिव्हचं. पत्ता याच घराचा.

ऑलिव्ह नखं रंगवत बसली होती.

"मम्मी, कचऱ्याची गाडी सातला येते. मी झोपलेली असते."

"म्हणून विहिरीत?"

"सगळेच टाकतात ना. आणि तू काढतेसच की गळाने."

सेलिनाने पिशवी उचलली आणि स्वतःच गाडीपर्यंत नेऊन दिली.

कचरा निघाला तरी पाणी सुधारलं नाही. त्यावर तेलकट तवंग होता, आणि वास असा की हात धुतला तरी जात नव्हता. सेलिनाच्या थोरल्या मुलाने, मर्विनने, पाण्याचा वीस लिटरचा जार मागवला आणि कठड्यामागे ठेवला.

"तू नुसती कळशी सोड," तो म्हणाला. "पाण्याला लागू देऊ नको. नंतर जारमधून भरू."

बँड वाजू लागला. बायका नाचत विहिरीपाशी आल्या. नंदा वर गॅलरीत उभी होती. तिला बोलावणं द्यायला सेलिनाला तोंड उरलं नव्हतं. तिने तांब्याची कळशी खाली सोडली. एक हात, दोन, तीन. पाच हातांवर थांबली.

"आंटी, रिकामी वाटतेय," फोटोवाला म्हणाला. "जड असल्यासारखी ओढा ना."

सेलिनाने पदर खोचला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि वाकून ओढू लागली.