अंगठ्याखालचा आवाज

पलटणीत मी ड्रिल शिकवायचो. माझं ‘सावधान’ ऐकून मैदानाबाहेरचा धोबीसुद्धा ताठ उभा राहतो, अशी चेष्टा व्हायची. निवृत्त होऊन साताऱ्याला स्थायिक झालो आणि काही वर्षांत घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याखाली कायमचं भोक आहे, श्वास तिथूनच चालतो. आत एक छोटा व्हॉल्व्ह बसवलाय. भोकावर अंगठा दाबला की घोगरा, सपाट, चढउतार नसलेला आवाज निघतो. तो मी घराबाहेर कुणाला ऐकवत नसे. भाजी घेतानाही बोटानं दाखवायचो, आणि घरात बायकोला टाळी वाजवून बोलवायचो.

अशा माणसानं दुसऱ्याला धीर द्यायचं काम पत्करावं, हा विनोदच म्हणायचा. पण ऑपरेशननंतर मोबाइलवरच्या रुग्णांच्या एका गटानं मला सावरलं होतं. त्या गटाचं काम पाहणाऱ्या सांगलीच्या ताईंनी “सोबती व्हाल का?” असं विचारलं, तेव्हा नाही म्हणवेना. ज्याच्यावर हेच ऑपरेशन व्हायचंय त्याच्याशी आधी आणि नंतर बोलत राहायचं, एवढंच सोबत्याचं काम. चार रविवार व्हिडिओवर शिकवणी झाली. औषधं सांगायची नाहीत, डॉक्टरांच्या कामात लुडबुड करायची नाही आणि खोटा धीर द्यायचा नाही. फॉर्मवर मी आधीच लिहून टाकलं होतं, ‘फक्त लिहून बोलेन.’ ताई चालेल म्हणाल्या.

माझ्या वाट्याला आलेला पहिलाच माणूस म्हसवडकडचा मेंढपाळ, साठीचा. त्याला वाचता येत नव्हतं. पलटणीतला म्हणून तो मला मेजर म्हणायचा. तो बसक्या आवाजात बोलून निरोप पाठवायचा, मी सुबक परिच्छेद पाडून उत्तर लिहायचो आणि त्याची सून ते त्याला वाचून दाखवायची. महिनाभर हे छान चाललं. आपण किती नीट समजावतोय, याचा मला थोडा गर्वही झाला होता.

शनिवारी दुपारी त्याचा निरोप आला. “मेजर, तुमच्यामुळं लय धीर आला बगा. सोमवारी सांगलीला दाखल व्हतुय. म्हैन्याभरात आवाज पयल्यासारका हुईल म्हनलासा, मग कशाला भ्यायाचं? मेंढरं माझ्या हाकंवरच चालत्यात. शीळ घातली की कुत्र्याच्या आदी फिरत्यात.”

असं मी कधीच लिहिलं नव्हतं. मागचं सगळं पुन्हा वाचून काढलं. आवाज पहिल्यासारखा होणार नाही, शीळ तर मुळीच येणार नाही, हे मी दोनदा लिहिलं होतं. सुनेचा नंबर माझ्याकडे होता, तिला लिहून विचारलं. तिनं लगेच कबूल केलं. “आवं, समदं वाचलं असतं तर मामांजी दवाखान्याची पायरीबी चढलं नसतं. मी बरं बरं तेवडंच वाचलं. तुमी आता काय लिवू नगा.”

तिच्याकडूनच कळलं, की डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्याच्या मुलाला; तेव्हा म्हातारा बाहेर बाकावर बसला होता. गाठ वाढतेय, उशीर करू नका, हेही मुलालाच. सोमवारी सही घेताना ते त्याला सगळं सांगणारच होते. फसवलं म्हणून तो तिथून उठून गेला असता, तर पुन्हा कुणाच्या हाती लागला नसता. आणि मी आज सांगितलं, तर कदाचित निघणारच नाही. दोन्हीकडून त्याचा जीव जात होता.

ताईंना कळवलं. त्यांनी उत्तर दिलं, “खोटं तसंच राहू द्यायचं नाही. लिहून तर पोचत नाहीये. बोलणारा दुसरा सोबती देऊ का?”

त्या ‘बोलणारा’ शब्दाचा मला भयंकर राग आला. संध्याकाळभर धुसफुसत होतो. शेवटी बायको म्हणाली, “शेकडो पोरांवर वरडत होता, आन आता एका माणसाशी बोलायला लाजताय व्हय?”

रविवारी सकाळी दार लावून बसलो. चार वेळा फोनमध्ये बोलून निरोप भरला आणि चारही वेळा पुसला. पाचव्यांदा न थांबता बोलत गेलो. “मी मेजर बोलतोय. असाच आवाज होतो, याहून फारसा चांगला नाही. शीळ जाते. लांबची हाक जाते. सुनेनं मायेपोटी सगळं वाचलं नाही, तिला बोलू नका. पण मी जिवंत आहे, जेवतो, बायकोशी भांडतो. सोमवारी दवाखान्यात जा.” आणि पाठवून दिलं.

त्यानं ऐकल्याची निळी खूण उमटली. तासाभरानं सुनेचा निरोप आला, “मामांजी फोन घिऊन मेंढरांमागं गेलं. आता दवाखान्यात यायाचं न्हाईत. तुमी का बोललासा?” मी फोन लावला, लागेना. बायकोनं ताट वाढलं, मी पुन्हा पुन्हा फोनच लावत राहिलो. एका माणसाला आपण आपल्या आवाजानं मरणाकडं पळवून लावलं, असंच वाटत होतं. नियम पाळल्याचं समाधान वगैरे काही नव्हतं. नुसती भीती होती.

चारच्या सुमाराला फोन वाजला. निरोप त्याचाच होता, मागं मेंढरांचं बें बें चाललेलं.

“मेजर, राग मानू नगा, पर आवाज लय वंगाळ हाय तुमचा. सकाळी ऐकला आन म्हनलं, जायाचंच न्हाई. मग वाटलं, मी कोन ठरवनार? मेंढरांनाच इचारावं. फोन वर धरून तुमचं बोलनं लावलं. समदी बिचकून लांब पळाली. परत लावलं. दुपारपातुर लावत बसलो. आता मान बी वर करीत न्हाईत, चरत्यात. एक म्हातारी मेंढी तर फोन हुंगाय आली. तुमच्या आवाजाला सवकली, मग माझ्याला का सवकनार न्हाईत? सोमवारी जातुय दवाखान्यात. पर एक काम करा. ‘या गं, या’ ही माझी हाक, एवडंच जोरात म्हना आन धाडा. मी दवाखान्यात असंन तवर ल्योक रोज मेंढरांम्होरं लावंल.”

मी तसाच गच्चीवर गेलो. घरात जोरात बोलायला जमेना, भिंती अंगावर येत होत्या. पाय जुळवले, छाती भरून श्वास घेतला, एका हातात फोन धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा गळ्यावर दाबला आणि ओरडलो, “या गं, या!”

शेजारच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढणारी बाई दचकून वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी अंगठा काढला नाही. तिच्यादेखत आणखी दोनदा हाक मारली.