आईचे अकरा मेसेज

माझी आई मंगळवारी सकाळी वारली.
बुधवारी मला तिचा व्हॉइस मेसेज आला.

"बेटा, उद्या शेवटचा पेपर ना? घाई नको करू. आधी सगळे प्रश्न वाचून घे."

मी आयर्लंडमध्ये, लायब्ररीच्या दारात उभी होते. वेळ नव्हता म्हणून दीडपट स्पीडवर ऐकला.
"हो आई. पेपर झाला की फोन करते," असं टाइप केलं.
निळ्या टिक्स आल्या. त्यावर एक लाल हार्टही आलं.

तेव्हा तिला अग्नी देऊन एक दिवस झाला होता.

आज वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर फुलं अन् जोडलेले हात येऊन राहिलेत.
"केवढी धीराची बाई! शेवटपर्यंत पोरीच्या शिक्षणाचाच विचार."

म्हणून लिहून राहिले. माझं मराठी आईकडून आलं तेवढंच आहे. चुका काढू नका.

आई जबलपूरला, अधारतालच्या एका शाळेत गणित शिकवायची. मी मास्टर्सला गेले तेव्हा नियम तिनेच केला. रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. माझी तेव्हा दुपार.
"जेवली का? दाखव."
मी ताट कॅमेऱ्यासमोर धरायचे. ब्रेड दिसला की तिचं सुरू.
"अरे भगवान! काहून भात नाही लावत तू? दहा मिनटं लागतात!"

शेवटी शेवटी तिच्या बाजूने नुसता पंखाच दिसायचा. "आई, फोन नीट धर ना," म्हणून मी चिडायचे.
ती हसायची. "मला कुठे येतो तुमचा फोन धरता."

मग एका संध्याकाळी कॅमेरा बंदच. म्हणाली, "अर्धवार्षिक परीक्षेच्या कॉप्या तपासायला आल्यात, खूप गठ्ठे आहेत. तुझेही पेपर आहेत. आता काही दिवस मेसेजच टाकत जाईन."

मी म्हटलं, "चलो, बढिया."

खरंच असं म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लपवत नाही.

ती हॉस्पिटलच्या बेडवरून बोलत होती. पोटातली गाठ, पसरलेली. दोन महिन्यांपासून माहीत होतं. दादाला, बाबांना, मामाला, शेजारच्या भाभींनासुद्धा.
मला सोडून सगळ्यांना.

दादाने एका दुपारी तिला अकरा मेसेज बोलायला लावले. आपल्या फोनवर रेकॉर्ड केले, तिच्या फोनवर पाठवले अन् तिथून रोज एक मला.
थंडी पडली का. डोक्याला तेल लाव. कॉप्या संपतच नाहीत बाई.
प्रत्येकाच्या वर बारीक अक्षरात 'फॉरवर्डेड' लिहिलेलं होतं. मी एकदाही पाहिलं नाही.

गुरुवारी पेपर देऊन बाहेर आले अन् आईचा नंबर लावला.
दादाने उचलला.
"कसा गेला पेपर?"
"मस्त. आईला दे."
"पूर्ण लिहिला ना?"
"हो रे. आईला दे ना."

मग त्याने सांगितलं.

शनिवारी जबलपूरला पोचले तोवर अस्थीसुद्धा ग्वारीघाटाला नर्मदेत सोडून झाल्या होत्या. घर धुतलेलं. तिचा पलंग काढून टाकलेला.

"ती गेल्यावरही काहून पाठवला मेसेज?"
"तू पेपर सोडला असता."
"हो. सोडला असता."
"वर्ष गेलं असतं तुझं. अन् येऊन काय केलं असतं तू?"
"तिच्याजवळ बसले असते."
"तिनेच सांगितलं होतं. कसम घातली होती. विचार बाबांना."

बाबा मान खाली घालून बसले होते.  

दादा, तू हे वाचशील, म्हणून इथेच सांगते.
अकरा मेसेज तिने दिले, मान्य.
पण "पेपर झाला की फोन करते" हे माझं वाक्य तू उघडून वाचलं. ते लाल हार्ट तू दाबलं. ते आईचं नव्हतं, तुझं बोट होतं.
ते कोणी सांगितलं होतं तुला?
मेलेल्या आईच्या नावाने तू माझ्याशी बोलला. मी माफ केलेलं नाही. राखीच्या दिवशीही केलं नव्हतं, आजही नाही.

अन् आई, तुझ्यावरही राग आहे.
तुझे शेवटचे दोन महिने माझेही होते. तू मला न विचारता ते एका डिग्रीला देऊन टाकले.
मिळाली डिग्री. सुटकेसमध्ये पडली आहे.

खाली कोणी "ती वरून बघत असेल" लिहू नका. मी डिलीट करीन.
ज्यांची पोरं बाहेर शिकून राहिलीत, त्यांनी आज फोन लावा अन् जे आहे ते खरं सांगा. पेपर पुढच्या वर्षी देता येतो.

दादाशी मी बोलत नाही. बाबांना रोज कॉल करते.
कित्येक महिने ते "सब बढिया" म्हणायचे अन् मी तिथेच फोन कापायचे.
परवा म्हणाले, "गुडघा खूप दुखून राहिला बेटा. आज काही रांधलं नाही. तुझी आई पाहिजे होती."

फोन कापला नाही मी. तासभर दोघं रडलो.

आई, श्रद्धांजली बाकीचे वाहतील.
माझा तुला रागासकट नमस्कार.