डहाळीची जागा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणी केले असं कोणी विचारलं, तर मी हॅनोव्हरजवळच्या एका खेड्यातल्या माझ्या घरमालकांकडे बोट दाखवतो. आणि त्यांच्याइतका हट्टी, बोलका आणि कुत्रीच्या तंत्राने चालणारा माणूस उभ्या जर्मनीत दुसरा झाला नसेल, हेही लगेच सांगून टाकतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बार्शीच्या शाळेतून पुण्याला आणि पुण्याहून शिष्यवृत्तीवर थेट हॅनोव्हरला डॉक्टरेट करायला आलो होतो. शहरात खोली मिळेना, म्हणून गाडीने पाऊण तासावरच्या या खेड्यात एका निवृत्त वनरक्षकाच्या घराची माडी भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर व्हायला अजून तीन वर्षं आहेत, असं मी अदबीने सांगितलं, तर म्हणाले की तोवर मला म्हणायची सवय होईल.

त्यांचं काम जगावेगळं होतं. शिकाऱ्याची गोळी नीट लागली नाही आणि हरीण जखमी होऊन जंगलात पळालं, की यांना फोन यायचा. मग कुत्रीला घेऊन ते त्याचा माग काढत जायचे आणि सापडलं की त्याचे हाल संपवायचे. स्वतः शिकार करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मी शाकाहारी घरातला, मला हा सगळाच प्रकार सुरुवातीला क्रूर वाटला. तसं मी एकदा बोललोही. ते शांतपणे म्हणाले, “गोळी मारणाऱ्याला जेवायला घरी जाता येतं. हरणाला येत नाही. म्हणून कोणीतरी मागे जायचं.”

त्यांच्या कुत्रीचं नाव आस्ता. तांबूस रंग, लोंबते कान आणि कपाळावर इतक्या आठ्या, की गावातले सगळे तक्रारअर्ज तिच्याकडेच येत असावेत. घरात ते तिला अगं-तुगं करायचे. पण मागाचा रुंद पट्टा तिच्या गळ्यात चढवला आणि दहा-बारा मीटरचा चामडी दोर हातात घेतला, की एकदम अहो-जाहोवर यायचे. बाईसाहेब, आपण म्हणाल तसं. मालकीणबाई हे ऐकून म्हणायच्या, चाळीस वर्षांच्या संसारात मला एकदा तरी असं विचारलं असतंत.

शिकाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गोळी थेट काळजात लागली, असं प्रत्येकजण सांगे. हे पोलिसासारखे उलटतपासणी घेत. हरणाने उडी मारली का, पाठ वाकवली का, कुठल्या बाजूला गेलं? शिकारी घामाघूम झाला, की “आल्झो, बरं तर, आता बाईसाहेबांना विचारू,” म्हणून उठत. लगेच निघायचं मात्र नाही. जखमी जनावराच्या पाठोपाठ धावलं तर ते आणखी दूर पळतं. चार तास थांबलं तर जवळच कुठेतरी निपचित पडून राहतं. हा नियम त्यांनी सगळ्या आयुष्याला लावला होता. फिनान्सआम्टचं, म्हणजे करखात्याचं, पाकीट आलं की ते फडताळावर चार तास ठेवलं जाई. मालकीणबाईंशी भांडण झालं की ते बागेत जाऊन बसत. तेवढ्या वेळात भांडणाचं कारण त्या विसरत नसत, पण हे विसरत.

दुसरा नियम डहाळीचा. हरणाला गोळी लागली तेव्हा ते जिथे उभं होतं, तिथे शिकाऱ्याने एक हिरवी डहाळी रोवायची. कुत्री तिथूनच सुरुवात करणार, म्हणून त्या डहाळीला कोणी हात लावायचा नाही. घरात काही हरवलं तरी हेच चाले. चष्मा शेवटचा जिथे दिसला तिथे डहाळी, साखरेचा चमचा जिथून गेला तिथे डहाळी. नाताळ सोडूनही त्या घरात बारा महिने देवदाराची पानं केरात निघत. डहाळी हलवणाऱ्या एका पाहुण्याशी त्यांनी सहा वर्षं अबोला धरला होता, असं मालकीणबाई सांगायच्या.

आणि ती हलवली मी.

नोव्हेंबरातला शनिवार होता. शेजारच्या जंगलाचा शिकारहक्क ज्याच्याकडे होता त्या दंतवैद्याने सकाळी एका हरणावर गोळी झाडली होती. ते पळालं. डहाळी रोवून, घरमालकांना फोन करून तो रोगी तपासायला दवाखान्यात परतला. तीन वाजता जंगलात येणार होता. आम्ही आधीच पोचलो. मालकांचा गुडघा सुजला होता, म्हणून त्यांनी मला पुढे पाठवलं. डहाळी शोध आणि तिच्याजवळ उभा राहा, इतकंच सांगितलं होतं. डहाळी सापडली. तिच्यापाशी थोडे केस होते, हाडाची एक बारीक कपची होती. वारा सुटला होता, पानं भराभर गळत होती. हे सगळं आता झाकून जाणार, या भीतीने मी प्रयोगशाळेत करतो तेच केलं. रुमाल काढला, केस आणि कपची अलगद त्यात घेतली. डहाळीच्या बुडाला रक्त लागलं होतं, म्हणून तीही उपटली आणि नमुने घेऊन अभिमानाने परत आलो.

मालकांनी रुमालाकडे पाहिलं. म्हणाले, “छान आणलंस. आता जागा दाखव.”

मी वळलो. सगळीकडे बीच झाडांचे सारखे राखी बुंधे आणि सारखी तांबडी पानं. कुठून आलो तेही कळेना. आत कुठेतरी हरीण तडफडत होतं आणि दीड तासात अंधार होणार होता.

तेवढ्यात दंतवैद्य दोन मित्रांसह आला आणि डहाळी कुठे आहे म्हणून त्याने विचारलं. मी रुमाल आणि डहाळी पाठीमागे धरली. आमच्या शाळेत चूक कबूल केलेल्या मुलाचं नाव पटावरून गेलेलं मी पाहिलं होतं. इथून परत पाठवलं तर वडिलांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

“मी काढली,” मालक म्हणाले. “चुकून.”

मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. दंतवैद्य हसून म्हणाला, “हो, हो. वय कोणाला चुकतं? पुढच्या वेळी पलीकडच्या गावच्या माग काढणाऱ्या तरुणाला बोलावतो. तुम्ही आराम करा.”

मालकांनी आस्ताच्या गळ्यात पट्टा चढवला. दुखऱ्या गुडघ्याने ते आस्ताला घेऊन तासभर मोठमोठ्या वेढ्यांनी फिरले. एका ठिकाणी ती थबकली, नाक खाली गेलं आणि दोर ताणला गेला. अंधारायच्या जरा आधी ओढ्याकाठी हरीण सापडलं. मालकांनी एका गोळीत त्याचे हाल थांबवले. अशा वेळी शिकाऱ्याने एक फांदी टोपीत खोवायची आणि तिचा तुकडा मोडून माग काढणाऱ्याला द्यायचा, अशी तिथली रीत. दंतवैद्याने अख्खी फांदी स्वतःच्या टोपीत खोवली.

त्या हिवाळ्यात फोन दोनदाच वाजला. मी कसंबसं विचारलं, तुम्ही असं का केलंत? “तुला अजून इथे राहायचं आहे. गावाने तुला त्या रुमालावरून ओळखायला नको,” असं म्हणून ते आस्ताचे कान पुसू लागले. खरं काय ते दंतवैद्याला सांगायला मी तेव्हाच जायला हवं होतं. गेलो नाही. डॉक्टरेट मिळाली, हायडेलबर्गला नोकरी लागली, आणि तिथून एका रविवारी मी त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्याचं मराठी असं:

‘आदरणीय मालक,

मालकीणबाईंच्या पत्रातून कळलं, की यंदा फोन एकदाही आला नाही आणि आस्ता दाराशी पडून असते. तुम्ही हे मला लिहिलं नसतंत. मी शनिवारी येत आहे, पण आधी घरी येणार नाही. आधी दंतवैद्यांकडे जाईन. त्यांना पत्र लिहिणं सोपं होतं, म्हणूनच लिहिलं नाही. माझी दाढ खरोखरच दुखते आहे, त्यामुळे त्यांच्याकडे वेळही मागून घेतली आहे. त्यांनी तोंड उघडा म्हणायच्या आधी मी सगळं सांगून टाकीन. एकदा त्यांनी काम सुरू केलं की मला बोलता येणार नाही, आणि गप्प बसायला मला निमित्त पुरतं, हे तुम्हाला माहीत आहे. मला अडवण्यासाठी स्टेशनवर येऊ नका. गुडघा सांभाळा. संध्याकाळी नुसतं सूप असू द्या.

आपला, माडीवरचा.’