करुणाच्या नावावरचं वाचन

जे आता सांगणार आहे, ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतो आहे. सहकाऱ्यांसमोर, पालकांसमोर पुष्कळ बोललो — हे मात्र कधी ओठांवर येऊ दिलं नाही. तुमच्याशी बोलतानाही सुरुवात कुठून करावी, हे नीटसं उमगत नाही.

मोबाईलपासून करतो. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांतल्या, शिक्षकांत मी मोबाईलमधला जाणकार समजला जातो. पन्नाशी उलटलेला माणूस अ‍ॅपविषयी बोलतो, याचं तरुणांना कौतुक वाटतं. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत ते वही उघडून विचारतात — सर, पाढ्यांसाठी कोणतं? इंग्रजी उच्चारांसाठी कोणतं? मी सांगतो, आणि मनापासून सांगतो. कारण यातली काही साधनं खरोखर चांगली आहेत. पाठ्यपुस्तकातला चौकोनी कोड मोबाईलनं टिपला की कविता चालीवर ऐकू येते, आणि मागच्या रांगेतलं, कधीही न बोलणारं मूल ओठ हलवू लागतं — हे मी स्वतः पाहिलं आहे. मोबाईलला दोष द्यायला मी बसलेलो नाही. पण कुणी वाचन तपासणीच्या अ‍ॅपचं विचारलं, की मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठतो.

का उठतो?

ते अ‍ॅप असं आहे. मुलाच्या नावावर बोट ठेवायचं. पडद्यावर उतारा येतो. मूल मोठ्यानं वाचतं, मोबाईल ऐकतो आणि पातळी ठरवतो. गोष्ट वाचता आली, तर नावापुढे हिरवा तारा. तोच तारा संदेशानं पालकांनाही जातो. ज्यांना तारा मिळाला नाही, त्यांची यादी निघते आणि त्या मुलांना रोज एक तास वेगळं शिकवायचं असतं. किती सरळ, किती उपयोगी!

चार वर्षांपूर्वी बदनापूर तालुक्यातल्या एका लहान गावी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. तपासणीचा अखेरचा दिवस. रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर यायची, तीही येऊन-जाऊन. केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काम अपुरं असलेल्या शाळांची नावं पुन्हा पुन्हा पडत होती आणि त्यांत माझी शाळा होती — इतरांना अ‍ॅप शिकवणाऱ्याची. नऊ मुलं उरली होती. आमच्या मुलांचे उच्चार मोबाईलला कळत नाहीत, चांगलं वाचणाऱ्याचंही तो चूक धरतो — हे कारण मी पुढे स्वतःला किती वेळा दिलं! ते खोटं नाही. पण ते आठ मुलांपुरतंच खरं आहे. नवव्या मुलीला वाचता येतच नव्हतं. तिला इथे करुणा म्हणतो.

मी प्रणालीला ओट्यावर बोलावलं. वर्गात सर्वांत स्वच्छ वाचणारी ती. त्या नऊ जणांच्या नावावर मी तिच्याकडूनच वाचून घेतलं. ती मुलं समोरच बसली होती. नऊ वेळा प्रणालीचाच आवाज, नऊ हिरवे तारे. "सर, मोबाईल लय येडाय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो.

एवढंच असतं, तर हे सांगायला बसलो नसतो.

करुणाचे वडील जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. स्वतःला सहीपुरतं येतं. चार दिवसांनी ते पाळी संपवून मोटारसायकलवरून थेट शाळेत आले. "जय भीम, सर," म्हणाले. मीही जय भीम केला. आमच्यासारख्या घरांत अक्षराला काय मोल असतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी आई उतारवयात बुद्धवंदनेच्या पुस्तिकेत एकेका ओळीखाली बोट सरकवत वाचायला शिकली होती. म्हणजे मला कळत होतं — सगळं कळत होतं.

त्यांनी मोबाईलवर आलेला तारा दाखवला; सोबतचा संदेश मिलमधल्या कुणीतरी वाचून दिला होता. "ह्ये म्हणून राह्यलं, पोरीला गोष्ट वाचता येते. घरी मातर पुस्तक धरून गपचीप बसती. नाटकं करून राह्यली का?"

"घरी लाजत असेल," मी म्हणालो.

"मंग बराबर काढतो लाज."

दुसऱ्या दिवशी करुणाच्या दंडावर बोटांचे वळ होते.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, तिला हाताला धरून. सूर थट्टेचाच होता. "ऐका, सर. ही म्हणती, म्या वाचलंच न्हाई, प्रणालीनं वाचलं. म्हंजे गुरुजी खोटे, मोबाईल खोटा, अन् ही एकटी खरी! खोटं बोलली म्हणून अजून दोन ठेवून दिल्या. आता तुम्हीच सांगा हिच्यासमोर — कोण वाचलं?"

करुणा माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे — आता सर सांगतील, म्हणून.

मी म्हणालो, "तिनंच वाचलं."

हेच ते. खरं बोलल्याबद्दल त्या मुलीनं मार खाल्ला होता, आणि ते खरं आहे हे जाणणारा मोठा माणूस तिथे एकच होता. मी का बोललो नाही? नोकरीची भीती होती का? थोडी असेल. पण त्या क्षणी मनात आलं ते याहून क्षुद्र होतं — येत्या परिषदेत मला त्याच अ‍ॅपवर बोलायचं होतं.

यादीत नाव नाही, म्हणून रोजच्या त्या जादा तासाला मी तिला बसवलं नाही. बसवलं असतं, तर तारा मिळालेली मुलगी इथे कशी, असं कुणी विचारलं असतं. त्या तासाला ती पटांगणात एकटी असायची. वर्ष संपलं आणि ती पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली.

गेल्या महिन्यात बदनापूरच्या बाजारात तिचे वडील भेटले. चहा घेतल्याशिवाय सोडेनात. सोबतच्या माणसाला म्हणाले, "ह्ये आमच्या करुणाचे सर. ह्यांच्याच हाताखाली वाचायला शिकली."

मग आवाज खाली आणून मला सांगू लागले. ती आता आठवीला आहे. फळ्यावरचं वाचत नाही, बसची पाटी वाचत नाही. विचारलं तर म्हणते, दिसत नाही. "डोळ्याचंच काहीतरी हाय, सर. जालन्याला दाखवायला नेऊन राह्यलो. चष्म्यानं होईन ना बराबर?"

मी म्हणालो, "होईल. लवकर दाखवा."