चालीविना वाचलेला जबाब

त्या जबाबाचे शेवटचे पान माझ्यासमोर नाही, तरी ते मला जसेच्या तसे आठवते. सिंगापूर पोलिसांच्या नोकरीत शेकडो जबाब लिहिले, बहुतेक विसरलो. हा विसरता आला नाही, कारण यात माझीही एक चूक होती. पत्नीने हे लिहायला मला केव्हाच बसवले असते. ती जाऊन आठ महिने झाले. आता एकटाच, सावकाश लिहितो आहे.

सुरुवात एका फोनने झाली. चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, कॉफीचा स्टॉल चालवणाऱ्या चिनी बाई वाक्याला इथला 'लाह' जोडत बोलत होत्या. "मी कोणाच्या भानगडीत पडत नाही लाह. पण एक मुलगी दर शनिवारी दुपारी येते. एक माणूस तिचा फोन काढून घेतो, तपासतो. ती रडते. मग गाडी येते, ती जाते. शेजारच्या टेबलावरची पोरं गाणं म्हणतात आणि हसतात. मला त्यांची भाषा कळत नाही. हसणं कळतं."

माझ्या सहकाऱ्याने 'प्रेमातले भांडण' असा शेरा सुचवला. मी तो लिहू दिला नाही. ऐन गर्दीच्या वेळी स्टॉलवाली बाई हातातले काम टाकून उगाच फोन करत नाही. पुढच्या शनिवारी आम्ही साध्या कपड्यांत तिथे जाऊन बसलो आणि गाडी आली तेव्हा त्या माणसाला ताब्यात घेतले.

मुलगी वीस वर्षांची, बुकित पंजांगला राहणारी, कॉलेजात शिकणारी. महिला अधिकाऱ्याजवळ ती थोडे बोलली. तो माणूस स्वतःला गाण्याच्या कार्यक्रमांचा आयोजक म्हणवत असे. तिचा एक खासगी व्हिडिओ त्याच्या हाती लागला होता. तो सगळीकडे पाठवण्याची धमकी देऊन हा माणूस तिला स्वतःच्या ओळखीच्या पुरुषांकडे पाठवत होता. एवढे सांगून तिने सही करायला मात्र नकार दिला.

"कोण विश्वास ठेवणार? गाडीत मी माझ्या पायांनी बसायचे. त्या टेबलावरचे सगळे म्हणतात, तिला तेच हवं असतं."

त्या माणसाच्या फोनमध्ये काहीच सापडले नाही. सगळे आधीच पुसलेले. ती बोलली नाही आणि दुसराही कोणी बोलला नाही, तर तो सुटणार आणि शनिवारी गाडी पुन्हा येणार, हे आम्हाला स्पष्ट दिसत होते.

त्या टेबलावर तिचा एक वर्गमित्र बसायचा. वय एकवीस, घर बुकित तिमाहच्या काँडोत, म्हणजे महागड्या खासगी संकुलात, आईवडील पुण्याचे. चौकशीच्या खोलीबाहेर वडिलांनी मला मराठीतच गाठले.

"साहेब, तुम्ही आपलेच. पोराचं नाव यात नको. पुढच्या महिन्यात माझा नोकरीचा पास रिन्यू व्हायचाय."

"खरं सांगितल्याने कोणाचा पास गेलेला मी पाहिला नाही," मी म्हणालो. "खोटं सांगून गेलेला पाहिलाय. बसा इथे."

मुलगा नम्र होता. आपण काही पाहिले नाही, असे इंग्रजीत सांगत होता. मग ती रडायची का, असे विचारल्यावर त्याने खांदे उडवले.

"तसं काही नसतं लाह, सर. ती तोंडाने नाही म्हणते, मनात हो असतं. रुसली तरी येणारच. आणि एकदा आली की सगळ्यांची."

माझे पेन थांबले. शेवटची तीन वाक्ये मी याच क्रमाने, पण मराठीत ऐकली होती. आदल्या गणपतीत, आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात मुले याच शब्दांच्या गाण्यावर नाचली होती आणि पहिल्या रांगेत बसून मी टाळ्यांनी ठेका धरला होता. पत्नीने माझा हात धरून थांबवला. "शब्द ऐकलेत का?"

"अगं, नुसतं गाणं आहे. पोरं ठेक्यावर नाचतात."

"मग ठेक्याशिवाय एकदा म्हणून दाखवा."

मी विषय बदलला होता.

जबाबात 'ती' एवढे लिहून भागत नाही. कोण, ते नावानिशी लिहावे लागते. मी मुलाला नाव विचारले. त्याने सांगितले. प्रत्येक वाक्यात मी ते लिहिले.

नियमाप्रमाणे जबाब पूर्ण झाला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा, त्याच्या दुरुस्त्या नोंदवायच्या, पानोपानी सही घ्यायची. बहुतेक लोक या वेळी घड्याळ बघतात. मी आवाजात चढउतार न आणता वाचू लागलो. तिचे नाव, मग वाक्य. पुन्हा तिचे नाव, पुढचे वाक्य. तिसऱ्याला तो म्हणाला, "थांबा."

"काय दुरुस्ती करायची?"

"हे मी नाही म्हटलं."

"शब्द तुझेच आहेत."

"ते गाण्यातलं आहे."

"मी तुला गाणं विचारलं नव्हतं. तू काय पाहिलंस ते विचारलं होतं. आता पुन्हा विचारतो."

तो पहिल्यांदाच मराठीत बोलला. "गाडीत बसायच्या आधी ती माझ्याकडे बघायची, काका. दर वेळी. आणि मी मोबाइलचा आवाज वाढवायचो."

त्याने फोन काढून समोर ठेवला. तो माणूस त्या टेबलावरच्या पोरांच्या ग्रुपवर बढाया मारत असे. तिला दिलेल्या धमक्यांचे स्क्रीनशॉटही त्याने तिथे टाकले होते. स्वतःच्या फोनमधून त्याने सगळे पुसले, पण मुलाच्या फोनमध्ये ते तसेच होते.

आधीची तीन वाक्ये मुलाला खोडायची होती. मी खोडू दिली नाहीत. त्यांच्याखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, 'हे मी पाहिलेले नाही. फक्त गायलेले आहे.' आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मुलीने एवढेच विचारले, "कोण बोललं?"

"त्या टेबलावरचा एक जण," महिला अधिकारी म्हणाली.

तिने पेन मागून घेतले. पुढे कोर्टात ती न अडखळता बोलली. त्या माणसाला शिक्षा झाली.

गुन्हा गाण्याने केला, असे मी म्हणणार नाही. तो त्या माणसाने केला. पण शेजारच्या टेबलाला हसायला गाण्याने शिकवले आणि शेजारी हसत असले की गुन्हेगाराला लपावे लागत नाही. टाळ्या वाजवणारा मी त्या टेबलापासून फार दूर नव्हतो, हे मला त्या खोलीत कळले.

नावे वगळून मी पत्नीला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले, टोमणा मारला नाही. पुढच्या गणपतीला मात्र तिने नियमच केला. नाचाचे गाणे निवडले की त्यातले शब्द आधी कोणीतरी चालीविना, सगळ्यांसमोर वाचायचे, आणि 'ती' असेल तिथे आपल्या ओळखीतले एक नाव घालायचे. मुले त्याला 'पोलीस चेकिंग' म्हणत.

यंदा एका काँडोच्या हॉलमध्ये तालमीला पत्नीच्या खुर्चीवर मी बसलो. नाचाची पुढारी असलेली एक मुलगी कागद नाचवत म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ साँग लाह!"

"मीही एकदा असंच म्हणालो होतो," मी म्हणालो. "वाच."

तिने हसत मैत्रिणीचे नाव घालून पहिली ओळ वाचली. दुसरीला आवाज खाली आला. तिसरी तिने वाचली नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

"दुसरं शोधून आण," मी म्हणालो. "मी बसलोय."